चाळीतलं माणूस गेलं की त्याच्यावर दोन पानं कशी लिहायची

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार नाही, मीटिंग कधी, वर्गणी कोणाची बाकी, सगळं त्यावर. आणि कोणी गेलं की वरचं सगळं पुसून "दुःखद निधन", नाव, वय, खोली नंबर, अंत्ययात्रा किती वाजता. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ओलं फडकं मारतं आणि परत पाण्याची वेळ लिहितं. फ्लेक्स लागतो तो तेराव्यापर्यंत, मग पावसाळ्यात कोणाच्या तरी गळक्या पत्र्यावर अंथरायला जातो, टोमणा म्हणून नाही सांगत, आमच्याच छपरावर तीन जण आहेत. ग्रुपवर "भावपूर्ण श्रद्धांजली" साठ वेळा येतं आणि एकसष्टावा मेसेज गॅस सिलेंडरचा असतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अंत्ययात्रेला वीसच माणसांची परवानगी होती, आमच्याकडची चार-पाच माणसं त्या काळात गेली आणि ज्यांच्यासोबत चाळीस-पन्नास वर्षं एका गॅलरीत काढली त्यांना खिडकीतून हात जोडले. त्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी एक वही चालू केली. लाल कापडी बाइंडिंगची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली लांब वही. गेलेल्या प्रत्येक माणसावर दोन पानं. बऱ्याच जणांनी विचारलं की हे कसं करता, आम्हाला पण आमच्या बिल्डिंगमध्ये करायचंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे घाई. तेरा दिवसांत घरच्यांपुढे वही-पेन किंवा मोबाइल घेऊन बसायचं नाही. पण त्याच तेरा दिवसांत गावाहून आलेली माणसं घरात असतात, थोरली बहीण, चुलतभाऊ, लहानपणचा सोबती, आणि ही माणसं परत कधी एकत्र सापडणार नाहीत. म्हणून त्या दिवसांत फक्त जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, कान उघडे ठेवायचे, आणि उठताना दोघा-तिघांचे फोन नंबर घ्यायचे. बोलायचं महिन्या-दीड महिन्याने. तेव्हा माणसं नीट बोलतात, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत बाकीच्यांचं येणं-जाणं थांबलेलं असतं, कोणी आपणहून विचारायला आलं तर त्यांनाही बरं वाटतं. वर्ष मात्र उलटू द्यायचं नाही. वर्षश्राद्ध झालं की आठवणी गुळगुळीत होतात, सगळे सगळ्यांबद्दल "मनमिळाऊ" म्हणायला लागतात.

या "मनमिळाऊ" वरून सांगतो. आमच्या वहीत हा शब्द बंद आहे. परोपकारी, हसतमुख, कष्टाळू, देवमाणूस, हे पण. शब्द वाईट नाहीत, पण अख्ख्या मुंबईतल्या फ्लेक्सवर तेच आहेत, नाव झाकलं तर कोणाचं कोण कळत नाही. कष्टाळू होते ना, मग काय कष्ट केले ते लिहा, किती वाजता उठायचे, कुठून कुठे चालत जायचे, हाताला काय झालं होतं.

माझी पहिलीच नोंद कशी फसली बघा. आमच्या मजल्यावरचे एक काका, मी लहानपणापासून बघितलेले, मी छान लिहिलं, मिलच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अमुक वर्षं इमानेइतबारे नोकरी वगैरे, आणि काकूंना वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आणि भाजी?" तर गोष्ट अशी की गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हाच काकांची मिल सुटली ती सुटलीच. त्यानंतर काका पहाटे चारला दादरला जाऊन भाजी आणून विकायचे, वीस-बावीस वर्षं, म्हणजे मिलमध्ये जेवढी काढली त्यापेक्षा जास्त. मला माहीत होतं, अख्ख्या चाळीला माहीत होतं, मी त्यांच्याकडची भाजी खाल्लीय, पण लिहिताना मी ते गाळलं, मला वाटलं मिल म्हणजे मानाचं आणि टोपली म्हणजे कमीपणाचं. काकू म्हणाल्या, "त्यांना कधी लाज वाटली नाही, तुला का वाटली रे?" पान फाडलं, परत लिहिलं. तेव्हापासून नियम, वहीत चढवायच्या आधी घरच्या एका तरी माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचं. फॉरवर्ड करून नाही, समोर बसून. कुठे चुकलं ते तोंडावर दिसतं.

कोणाशी बोलायचं? घरच्यांशी बोलायचंच, पण सुरुवात त्यांच्यापासून नको. पोरांना बाप माहीत असतो, माणूस त्याच्या सोबत्यांना माहीत असतो. ज्यांच्यासोबत पत्ते कुटले, भजनात ज्यांच्या शेजारी टाळ घेऊन बसले, ज्यांच्यासोबत रात्रपाळी केली, त्यांना आधी गाठा. बायकांचं असेल तर नळावरच्या बायका, पापड-कुरडया एकत्र करणाऱ्या, भिशीतल्या. आणि एक असा माणूस शोधा ज्याचं त्यांच्याशी पटत नव्हतं. आमच्याकडच्या एका आजोबांबद्दल सगळ्यात चांगलं वाक्य त्यांच्याशी अकरा वर्षं अबोला धरलेल्या शेजाऱ्याने दिलं, तो म्हणाला, "माझ्या पोरीच्या लग्नात आला नाही, पण मांडवाला बांबू कमी पडले तेव्हा पोराच्या हातून पाठवले."

वेळ दुपारची तीनची. पाणी भरून झालेलं असतं, जेवणं झालेली असतात, सिरियली सुरू व्हायला अवकाश असतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा, पंखा बंद करायला सांगा नाहीतर नंतर नुसता पंखाच ऐकू येतो, आणि मोबाइल स्टीलच्या टेबलावर ठेवू नका, खाली नॅपकिन घडी करून घाला. घरी येऊन त्याच रात्री फाइलला नाव द्या, नाहीतर "न्यू रेकॉर्डिंग ४७" मध्ये कोण बोलतंय हे दोन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

प्रश्न काय विचारायचे हे आम्ही चुकत चुकत शिकलो. "स्वभाव कसा होता" विचारलं की उत्तर एकच येतं, चांगला होता. "आवडीचं काय होतं" ला पण बांगड्याचं कालवण नाहीतर पुरणपोळी. त्याऐवजी विचारा, सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे. कुठल्या वस्तूला कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. कोणाला घाबरायचे. हा हात लावू न देण्याचा प्रश्न म्हणजे चावी आहे, एकदम ट्रंकच उघडते. कोणाचा अडकित्ता, कोणाचा रेडिओ, एका आजींची तर बंद पडलेली छत्री होती, का ते आम्ही लिहिलंय पण त्यांच्या सुनेने सांगितलं की फक्त वहीत राहू दे, त्यामुळे इथे नाही सांगत.

बायकांच्या बाबतीत एक वेगळीच भानगड. नावच माहीत नसतं. चाळीस वर्षं "बंड्याची आई" नाहीतर "सोळा नंबरवाल्या काकू", फळ्यावर नाव वाचून लोक विचारतात ही कोण. त्यात लग्नात नाव बदललेलं, म्हणजे माहेरचं एक, सासरचं एक, रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. दोन्ही नावं लिहा. माहेरचं गाव आणि माहेरचं नाव विचारलं की घरातली पोरं एकमेकांकडे बघतात, मग मामाला फोन लावला जातो, आणि त्या फोनवर जे निघतं ते पोरांनी पण पहिल्यांदाच ऐकलेलं असतं.

जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. जुन्या माणसांची शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून टाकलेली असते, आमच्या वहीत निम्मी चाळ १ जूनला जन्मलीय. त्यापेक्षा मोठ्या घटना धरून विचारा. कोयनेचा भूकंप झाला, डिसेंबर १९६७, तेव्हा लग्न झालं होतं का? मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला, चाळीत पहिला टीव्ही कोणाकडे आला आणि तुम्ही कुठे बसून बघायचात? संपाच्या वेळी थोरला केवढा होता? २६ जुलै २००५ च्या पुरात कुठे अडकले होते? माणसांना साल आठवत नाही, पण कडेवर कोण होतं ते पक्कं आठवतं, तिथून हिशेब करता येतो. जाण्याची तारीख मात्र महापालिकेच्या दाखल्यावरूनच घ्या, आणि सोबत तिथीही लिहा, कारण घरचे श्राद्ध तिथीने करतात आणि बाकीचे तारखेने फोन करतात.

अजून एक खजिना सांगतो जो लोक रद्दीत घालतात, जुनी कालनिर्णय. आमच्याकडे खिळ्याला एकावर एक पाच-सहा वर्षांची लटकलेली असतात. चौकोनात दूध बंद, सिलेंडर लावला, गावी गेले, बाळंतपण, डॉक्टर, सगळं बारीक अक्षरात. एक दादा होते, त्यांच्या दारूबद्दल मी लिहावं की नाही अशा पेचात होतो, न लिहावं तर खोटं आणि लिहावं तर घरच्यांना लागणार. त्यांची मुलगीच कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आली. न प्यायलेल्या प्रत्येक दिवसाला एक छोटी पेन्सिलीची फुली, शेवटची साडेसात वर्षं. म्हणाली, प्यायचे तेही लिहा आणि हेही लिहा. मधे एका ठिकाणी तीन दिवस फुली नाही, ते पण तिने लिहायला लावलं.

पण प्रत्येक घर असं सांगेलच असं नाही. आत्महत्या, कोर्टकचेरी, दुसरं घर, आजाराचं नाव, याबाबतीत आमचं साधं आहे, घरच्यांनी नाही म्हटलं की विषय संपला. खोटं लिहायचं नाही, एवढंच, जे लिहायचं नाही ते सरळ सोडायचं. आणि खोलीचा विषय तर चुकूनही आणू नका. "शेवटपर्यंत धाकट्यानेच सांभाळलं" असं एक निरागस वाक्य आम्ही लिहिलं आणि थोरल्याची बायको वहीच मागायला आली, कारण पगडीची खोली, वर रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू, नाव कोणाचं लागणार यावरून आधीच पेटलेलं. आपली वही पुरावा म्हणून बिल्डरच्या मीटिंगला गेली तर मेलेल्या माणसाचं राहिलं बाजूला. तसंच आधार, पॅन, पासबुक यांचे फोटो वहीत किंवा ग्रुपवर टाकायचे नाहीत.

नावाआधी काय लावायचं तेही घरच्यांना विचारा. आपण सवयीने सगळ्यांना "कै." चिकटवतो. आमच्या तळमजल्यावरची बौद्ध मंडळी "कालकथित" लिहितात आणि तेराव्याऐवजी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, मागच्या गल्लीतल्या चाचांच्या घरी "मरहूम", कोपऱ्यावरच्या ख्रिश्चन आंटींच्या घरी चर्चमधल्या महिन्याच्या मिस्साची तारीख महत्त्वाची. घोळ वाटला तर "दिवंगत" लिहा, कोणाला खटकत नाही.

आता लिहिणं. दोन पानं म्हणजे अडीचशे-तीनशे शब्द, मोठ्याने वाचायला दोन-अडीच मिनिटं. जन्मापासून सुरुवात करू नका, एखाद्या रोजच्या गोष्टीने करा, बाकी जन्म-गाव-नोकरी मधे कुठेतरी येतंच. नमुना म्हणून आमच्या खानावळवाल्या मावशींच्या नोंदीतला तुकडा देतो, घरच्यांना विचारून:

"मावशींच्या दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. एक रेघ म्हणजे एक जेवण, आणि प्रत्येक गड्याची रेघ वेगळी, कोणाची उभी, कोणाची आडवी, कोणाची वाकडी, कारण मावशींना अक्षर येत नव्हतं. वीस-बावीस जणांचं ताट रोज, त्यात तीन पाळ्या, म्हणजे चूल जवळजवळ विझतच नव्हती. संपात गडी गावाला निघून गेले तेव्हा भिंत भरलेली होती. मावशींनी ती पुसली नाही आणि मागायलाही गेल्या नाहीत. सात-आठ वर्षांनी एक जण साखरप्याहून आला, भिंतीपाशी उभा राहून स्वतःच्या रेघा मोजल्या आणि पैसे ठेवून गेला. बाकीच्या रेघा आहेत तिथेच आहेत."

यात मावशी चांगल्या होत्या असं कुठे लिहिलंय का? नाही ना. ही नोंद वाचल्यावर त्यांच्या नातवाने रंगाऱ्याला ती भिंत सोडून बाकीची खोली रंगवायला सांगितली.

फोटोचं थोडक्यात. घरात असतो तो बहुतेक पासपोर्ट साइजचा मोठा केलेला, स्टुडिओवाल्याने कोट-टाय चिकटवलेला, आयुष्यात कधी कोट न घातलेला माणूस एकदम मॅनेजर दिसतो. तो हाराला ठीक आहे. वहीसाठी काम करतानाचा, गॅलरीतला, लग्नातल्या ग्रुपमधला शोधा. जुना फोटो चिकट अल्बममधून ओढून काढू नका, फाटतो, पानासकट खिडकीपाशी ठेवून फ्लॅश बंद करून वरून सरळ मोबाइलने काढा. पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होतो. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनचे वळ पुढे उमटतात. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, लोकांना काय त्याची हौस आहे देव जाणे.

लिहिलेलं वाचायचं कधी यावर आमच्याकडे मोठा वाद झाला. गणपतीत सगळे येतात, बदलापूर-विरारला गेलेले पण येतात, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही गणपतीत ठेवलं, तर मंडळातली म्हातारी माणसं चिडली, बाप्पासमोर हे कसलं. बरोबर होतं त्यांचं. आता अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो, त्या पंधरवड्यातल्या रविवारी संध्याकाळी गॅलरीत वाचतो, माइक नाही, हार नाही, वर्षभरात गेलेल्यांची पाच-सहा नावं. धार्मिक काही नसतं त्यामुळे सगळे येतात. वाचायला शक्यतो घरचं माणूस नको, मधेच गळा दाटतो, आणि शाळेतली पोरं नको कारण ती वक्तृत्व स्पर्धेसारखी वाचतात. खालचा दुधवाला आमच्याकडे सगळ्यात चांगला वाचतो.

वहीसोबत अजून एक करा, प्रत्येक मजल्याचा नकाशा. चौकोन काढायचे, खोली नंबर टाकायचा, आणि आत पेन्सिलीने आधी कोण, मग कोण, कुठे गेले. हे आत्ताच करा. वरळीच्या बीडीडी चाळवाल्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या टॉवरच्या पहिल्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत, चांगलंच झालं, आमचंही होऊ दे, संडासाच्या लाइनीत उभं राहण्यात काही मोठेपणा नाही. पण आधी सगळे भाड्याने कुठे कुठे पांगतात, आणि मग बारा नंबरच्या समोर कोण राहायचं हे विचारायला समोरचंच कोणी नसतं. वहीची मूळ प्रत मंडळाच्या कपाटात, प्रत्येक पानाचा फोटो दोघांच्या ड्राइव्हवर, आणि ज्याचं पान त्याच्या घरी झेरॉक्स.

राहता राहिली ज्यांचं इथे घरच नव्हतं ती माणसं. झाडूवाली, पेपरवाला, जिन्याखालचा इस्त्रीवाला. फळ्यावर यांचं नाव येत नाही कारण ते जातात गावी. आमचा इस्त्रीवाला भैया तीसेक वर्षं जिन्याखाली होता, जौनपूरकडचा, गावाला गेला तो आलाच नाही, दोन-अडीच महिन्यांनी मुलाचा फोन आला पत्र्याची टपरी कोणाला द्यायची म्हणून, तेव्हा कळलं. अशा वेळी मिळेल तिथून गोळा करा, किराणावाल्याची उधारीची वही, चहावाला, ज्यांचे कपडे जायचे ती घरं. त्यातूनच कळलं की तो प्रत्येक मजल्याच्या कपड्यांना वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका घालायचा, पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळा, तिसऱ्याला पिवळा, आणि आमच्या घरच्या जुन्या चादरीवर तो निळा टाका अजून आहे. मी तो टाका कापून पानावर चिकटवलाय. लिहिलेलं मुलाला फोनवर मोडक्यातोडक्या हिंदीत वाचून दाखवलं, त्याने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं जे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि म्हणाला फोटो पाठवतो. अजून आलेला नाही. पानावर वरच्या उजव्या कोपऱ्यात जागा सोडलीय, पासपोर्ट साइजची.